साहेब येणार म्हणून

आमच्या आईला पाहुण्यांचं भारी वेड. खाऊपिऊ घालायचं नव्हे, आवरायचं. कुणी येणार कळलं की घर असं लखलखीत करणार, की येणाऱ्याला वाटावं इथं माणसं राहतच नाहीत. एकदा नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलावलं, तर तो यायच्या आत हिनं मोरी घासली, नळाला घट्ट फडकं बांधलं, खालची बादलीसुद्धा उचलून ठेवली. तो बिचारा म्हणतो, "काकू, गळतंय कुठं?" मी कपाळावर हात मारून घेतला.

बाबा तिच्यापेक्षा वरचढ. जन्मभर बस चालवली, खाकी शर्टाचं वरचं बटण कधी उघडं दिसलं नाही. डॉक्टरांनी विचारलं की उठून ताठ बसणार आणि म्हणणार, "बरं आहे." दोन्ही किडन्या कामातून गेल्या तोवर त्यांचं ‘बरं आहे’च चाललं होतं. घरातलं दुखणं परक्याला दाखवायचं नाही, ही आमची रीत. मी एकटीच फटकळ निघाले. कुणावर गेले देव जाणे.

आता बाबांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागतं. डाव्या हातातल्या नसा जोडून डॉक्टरांनी सुई टोचायची जागा केली होती. तिथं बोट ठेवलं की आत थरथर लागायची, माझ्या शिलाई मशीनवर हात ठेवल्यावर लागते तशी. थरथर आहे तोवर जागा चालू. आई रोज उठल्या उठल्या आधी तिथं बोटं ठेवायची, मग चहाचं आधण. बाबा डोळे न उघडता विचारायचे, "काय गं, इंजिन चालू आहे ना?"

इंजिन चालू होतं. रस्ता नव्हता.

पाण्याचा पाइप टाकायला आमची गल्ली खोदली. पाइप टाकून झाल्यावर वर माती ढकलली आणि खोदणारे गेले ते गेलेच. माती खाली बसली, कडेच्या डांबराचे लचके निघाले, आणि आमच्या दारासमोर हा एवढा खड्डा पडला. मी खिडकीशी बसून पडदे आणि गणवेश शिवते, त्यामुळे त्यात कोण कोण पडलं ते मला तोंडपाठ आहे. बाबांनी खड्ड्यांची प्रतवारीच लावली होती. कोपऱ्यावरचा दुसऱ्या गिअरचा, मधला पहिल्या गिअरचा.

"आणि आपल्या दारातला?"

"तिथं प्रवाशांना उतरवून घ्यायचं."

दवाखान्याच्या गाडीवाल्यानं दोनदा चाकावरचा स्प्रिंगचा पाटा मोडून घेतल्यावर हात जोडले. म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण मी कोपऱ्यापर्यंतच येणार. गाडी मोडली की बाकीचे पेशंट लटकतात." त्याचंही खोटं नव्हतं. मग बाबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं समोरचा इस्त्रीवाला, असे आम्ही कोपऱ्यापर्यंत न्यायचो. येताना तर त्यांच्यात मान धरायचंही त्राण नसायचं. इस्त्रीवाल्याचा पाय दगडावरून सटकला की बाबा खुर्चीचे दांडे घट्ट धरायचे आणि वर हसायचे. लाज वाटायची हो त्यांना. ज्या माणसानं गावभर लोकांना नेलं-आणलं, त्याला चौघांच्या देखत उचलून न्यायचं.

एका सकाळी ते म्हणाले, "आज राहू दे." पुढच्या आठवड्यात पुन्हा. दुसऱ्यांदा राहू दिलं तेव्हा अंगात पाणी साठलं, श्वास लागला, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन सांगितलं, आता एकही पाळी चुकवायची नाही. म्हणजे गाडी दारात यायलाच हवी होती. दुसरा इलाजच नव्हता.

रस्त्यांच्या कार्यालयात मी इतक्या चकरा मारल्या की तिथला शिपाई मला "या ताई" म्हणायला लागला. खिडकीवरची बाई सांगायची, खोदलं पाणीवाल्यांनी, त्यांच्याकडे जा. पाणीवाले सांगायचे, आमचं काम जमिनीखालचं, वरचं त्यांचं. मी विचारलं, "मग आम्ही जमिनीच्या वर राहायचं की खाली?" कुणी हसलंसुद्धा नाही. खुद्द साहेबांची खुर्ची बहुतेक रिकामी, पाठीवर टॉवेल तेवढा टाकलेला. साहेब साइटवर गेलेत. कुठली साइट, ते त्या टॉवेलालाच ठाऊक. भेटले की एकच शब्द, "बघतो." आम्ही त्यांचं नावच ठेवलं, बघतो साहेब.

शेवटी एकदा मी बाबांचे रिपोर्ट त्यांच्या टेबलावर पसरले आणि तिथंच बसले. म्हटलं, आता मला उचलून बाहेर टाका, नाहीतर येऊन बघा. बघतो साहेबांनी घड्याळ पाहिलं, शिपायाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "उद्या सकाळी येतो पाहणीला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही करता येत नाही." मी नाचतच घरी आले. आईला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, उद्या साहेब येणार!

सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळेचे गणवेश पोचवायचे होते. साहेब कचेरी उघडल्याशिवाय कसले येतात, अशा हिशेबानं मी गेले. परत आले तर गल्ली ओळखू येईना. खड्डेच नाहीत! मागच्या रिकाम्या जागेतली माती आणून आईनं सगळे खड्डे भरले होते. इस्त्रीवाल्यानं घमेली वाहिली, शेजारणींनी ती ठोकून बसवली, वर पाणी मारून खराट्यानं झाडून काढलं. घरासमोरचं अंगण नसेल इतकं गुळगुळीत. आणि मधोमध, आमच्या दारातल्या त्या खड्ड्याच्या अगदी कडेला, बघतो साहेब ठेवणीतल्या कपातून चहा पीत उभे.

"रस्ता तर उत्तम आहे," ते म्हणाले.

"साहेब, ही माती आहे! आत्ता टाकलीय, ओली आहे बघा. काठी घाला, हात घाला, आत जाईल!"

आईचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, चिखलातून साहेब कसे येणार? म्हटलं जरा वाट करून ठेवावी," ती हळूच म्हणाली. तिला तेव्हा कुठं उमगलं.

साहेबांना कळत नव्हतं असं समजू नका. त्यांच्या बुटाच्या टाचेखाली माती दबलेली मला दिसत होती, त्यांनाही दिसली. त्यांनी पाय उचलून घट्ट जागेवर ठेवला, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाले, "हे बघा, आम्ही जे दिसतं तेच लिहितो." आयतं कोलीत हातात दिल्यावर कोण सोडतंय! कप आईच्या हातात देऊन गेले. वर म्हणतात कसे, चहा छान होता.

मी आईला वाट्टेल ते बोलले.  तिनं कप विसळले, पुसले, ठेवून दिले. मग डोळे कोरडे करून म्हणाली, "चार दिवस तरी गाडी दारात येईल ना गं?" आणि तिनं गाडीवाल्याला फोन केला.

मलाही तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. गाडी दारात आली तेव्हा बाबांची कळी खुलली. केस विंचरून, वरचं बटण लावून, माझा हात धरून ते स्वतःच्या पायांनी दोन पायऱ्या उतरले आणि गाडीत चढले. ड्रायव्हरच्या मागेच बसले. "सावकाश घे," त्याला म्हणाले, "नवा रस्ता आहे." आईसुद्धा हसली.

गाडी हलली आणि पुढचं चाक आत गेलं. उघडा असताना त्या खड्ड्याला जो तो वळसा घालायचा. आता तो दिसतच नव्हता. गाडी एका अंगाला अशी कोसळली की बाबा सीटवरून उडाले आणि त्यांचा डावा हात दाराच्या कडीवर आपटला. मी दार उघडलं तेव्हा ते हात पोटाशी धरून बसले होते. "बरं आहे," म्हणाले. "मला काही झालं नाही, गाडी बघा आधी."

आईनं चाकाकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं बाबांच्या हातावर बोटं ठेवली. जरा वर ठेवली, जरा खाली ठेवली, माझी बोटं ओढून तिथं ठेवली. थरथर नव्हती.

डॉक्टरांनी खूप खटपट केली, पण ती जागा गेलीच. आता डायलिसिससाठी मानेत नळी घातलीय. डॉक्टर म्हणतात, ही फार दिवस ठेवता येत नाही, दुसऱ्या हाताच्या नसा बारीक आहेत, बघू. ‘बघू’ म्हटलं की मला ते साहेबच आठवतात.

बाबांना घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी खिडकीतून खसाखस आवाज आला म्हणून बघितलं, तर आई कुदळ घेऊन दारातली माती उकरत होती. केस पिंजारलेले, कपडे मातीनं भरलेले. शेजारीण म्हणाली, "अहो, हे काय करताय?" आई म्हणाली, "होता तसा करतेय. लोकांना दिसू दे."

आणि बघा सरकारी कारभार! ज्या कार्यालयाला खड्डा दिसायला वर्ष पुरलं नाही, त्याची गाडी दुपारच्या आत कोपऱ्यावर उभी. कुणीतरी फोन केला होता, बाई रस्ता खोदतेय. बघतो साहेब घामाघूम होत चालत आले. "काय चाललंय हे? सार्वजनिक रस्ता आहे! परवानगी लागते खोदायला, दंड होईल!"

आई कमरेवर हात ठेवून सरळ झाली. मला वाटलं, आता ही कुदळ टाकेल, हात धुवेल, "या, बसा" म्हणेल. जन्माची खोड.

"आलातच तर आत चला," ती म्हणाली. "आज काही आवरलेलं नाही. असंच बघा."

त्यांचं मनगट धरून तिनं त्यांना घरात आणलं. खरंच आवरलेलं नव्हतं. चादर मळलेली, उशाशी औषधांचा ढीग, खरकटा पेला, कोपऱ्यात टमरेल. बाबांची दाढी वाढलेली, मानेच्या पट्टीवर वाळलेलं रक्त. दारात परका माणूस बघताच बाबा कोपरावर उठायला लागले. उजवा हात वरचं बटण शोधत गळ्याकडं गेला, तिथं नळी होती.

"या साहेब, बसा," ते म्हणाले. "बरं आहे माझं."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "हो, बरे दिसतायत की."

आईनं बाबांच्या छातीवर हात ठेवून त्यांना परत निजवलं. त्यांच्या शर्टाला तिच्या हाताची माती लागली. "नाही," ती म्हणाली. "अहो, आज खरं सांगा."

बाबा तिच्याकडं बघत राहिले. मग साहेबांकडं बघितलं.  

"नाही बरं," बाबा म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडायला लागले.

बघतो साहेब उंबऱ्याबाहेर सरकले.  आई त्यांच्या मागोमाग बाहेर गेली आणि खाली वाकून उरलेली माती उकरायला लागली.