मिठाच्या ट्रकातलं वऱ्हाड

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. पेणच्या रामवाडीत, दत्तात्रेय मिस्त्रीच्या गॅरेजमागे मी उभा असतो. माझ्या हौद्यात आता कोंबड्या अंडी घालतात. घालू देत बापड्या! पण मला निव्वळ भंगार समजू नका. एके काळी पेणपासून रोह्यापर्यंत लोक मला नुसत्या हॉर्नवरून ओळखत.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा मी काय देखणा होतो म्हणून सांगू! निळी केबिन, सागवानी हौदा. मला घेतलं ते खाडीकाठच्या मिठागरवाल्याने आणि माझ्या नशिबी मीठ आलं. ओलं, ताजं, पोत्यांतून ठिबकणारं. पंधरा वर्षं मी ते वाहिलं. खारं पाणी फळ्यांच्या फटींतून झिरपायचं आणि पोटाखालचं लोखंड खात राहायचं. कौतुक व्हायचं ते माझ्या रंगाचं. खाली वाकून बघतो कोण?

माझा ड्रायव्हर पुंडलिक. जीव लावणारा, पण हट्टी. रोज सकाळी माझ्या बॉनेटला हात लावून नमस्कार करायचा. ब्रेकचं पेडल खोल जायला लागलं तेव्हा मात्र म्हणाला, "दोनदा मारला की लागतो ना? मग झालं!" मागच्या चाकाशी थेंब दिसले, तर म्हणाला, "मिठाचं पाणी हाय." मिठागरावर कुणीही हेच म्हटलं असतं. मिठाची गाडी ठिबकणारच! मला ओरडून सांगावंसं वाटे, अरे बाबा, ते पाणी नव्हे, माझं ब्रेक ऑइल आहे! पण माझ्याकडे आवाज एकच, हॉर्नचा, आणि तोही त्याच्याच हातात.

एकाहत्तर सालच्या वैशाखात ठमाबाईच्या जनीचं लग्न ठरलं, रोह्याला. ठमाबाई आमच्याच मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहायची. तिचा जन्म मिठात गेलेला. वऱ्हाड माझ्यातूनच जाणार होतं. लग्नाच्या सकाळी पुंडलिकाने मला घासूनपुसून धुतलं, हौद्यात पेंढा अंथरला, वर ताडपत्री बांधली. मी तर अंगात मावत नव्हतो! उन्हाने मी खडखडीत वाळलो. फक्त मागच्या चाकापाशी एक डाग ओलाच राहिला.

ठमाबाई नव्या लुगड्यात पेंढा बघायला आली आणि तिथेच वाकली.

"पुंडलिका, ह्ये काय रे?"

"मिठाचं पाणी, काकी. नायतर धुतल्याचं आसंल."

तिने बोट लावलं, चोळून बघितलं. "मिठाचं पाणी सुकलं की पांढरं पडतं. ह्ये सुकत पन नाय नि पांढरं पन पडत नाय. बुळबुळीत हाय. मिठाचं पाणी मला नको शिकवू!"

पुंडलिक हसत केबिनमध्ये चढला आणि पेडल दाबलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पेडल तळाला जाऊन बसलं ते बसलंच. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. गाडीत चाळीस माणसं बसणार होती आणि वाटेत सुकेळी खिंडीचा उतार होता.

"काकी, मुहूर्त गोरजाचा हाय," तो कसाबसा म्हणाला. "खोलत बसलो तर उशीर व्हईल."

"व्हऊ दे. माझी जनी तुझ्या गाडीत बसनार हाय."

मग पुंडलिकच सायकल मारत रामवाडीला गेला आणि दत्तात्रेय मिस्त्रीला डबलसीट घेऊन आला. मिस्त्रीच्या गळ्यात नव्या पाइपाचं भेंडोळं. वऱ्हाडातल्या बायका म्हणाल्या, "गो बाय, नवरदेव हाच काय!"

मिस्त्री माझ्याखाली निजला. सगळं फडक्याने कोरडं केलं आणि ओरडला, "दाब!" पेडल दाबताच मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पाइपातून बारीक पिचकारी उडाली. पाइप जिथे पट्टीने आवळला होता, तिथेच मीठ साचून तो सडला होता.

"मिठानं खाल्लाय ह्याला, नि तू मिठाच्याच नावावर खपवतोस?" मिस्त्री खालून करवादला. पुंडलिकाने खाली वाकून पाना पुढे केला.

मिस्त्रीने सडका पाइप काढून नवा बसवला, खारं पाणी त्यावर पडू नये म्हणून वर पत्रा ठोकला, नवं ऑइल भरलं. मग आत शिरलेली हवा काढायची. "दाब... धरून ठेव... सोड." कितीदा तरी! शेवटी बुडबुडे थांबले आणि पेडल पायाखाली घट्ट झालं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

ऊन कलायला लागल्यावर आम्ही निघालो. केबिनमध्ये जनी आणि ठमाबाई, मागे हौद्यात सगळं वऱ्हाड. सुकेळीच्या उतारावर वळण घेतलं, तर पुढे एक बैलगाडी रस्त्यात आडवी! पुंडलिकाने ब्रेक दाबला. एकदाच. मी बैलांपासून हातभर अंतरावर थांबलो.

पुंडलिकाने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. ठमाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "काकी," एवढंच तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. मागे बायकांची लग्नाची गाणी चालूच होती.

मित्रांनो, ब्रेक नीट लागला की काहीच घडत नाही, म्हणून त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. तुमची माणसं ज्या गाडीत बसतात, तिच्याखाली कधीतरी वाकून बघा. ओलं दिसलं तर बोट लावायला लाजू नका. जनीच्या लग्नाला चाळीस माणसं निघाली होती, ती चाळीसच्या चाळीस पोचली. अक्षता जरा उशिरा पडल्या, एवढंच.