पंख्यावरचे शिंपले

सासऱ्यांनी बोट विकायचं मनावर घेतलं, तेव्हा सुनेला काळजी पडली. उभा जन्म या काठावरची माणसं त्या काठावर पोहोचवत आलेला माणूस घरात बसून करणार काय?

"इंजिन थकलं गं," ते म्हणाले. "धाप लागते त्याला. माझ्यासारखीच."

सून पंप दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होती. तिला इंजिनाचा आवाज ठणठणीत वाटत होता. ओहोटीला बोट कलली, तशी ती चिखलात गुडघे टेकून खाली वाकली आणि "अगं बाई!" असं तिच्या तोंडून निघून गेलं. बोटीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याची पाती दिसतच नव्हती. दगडासारखे टणक पांढरे शिंपले त्यांच्यावर दाटीवाटीने बसले होते. सुकाणूचीही तीच गत.

"बाबा, हे साफ कधी केलं होतं?"

सासरे पाण्याकडे बघत राहिले. "खाली शिरायचं काम हिचं होतं," एवढंच म्हणाले.

सासूबाई गेल्यापासून बोट वर काढायचा विषय निघाला की काही ना काही आडवं यायचं. कधी त्यांचा गुडघा, कधी वारा. का, ते सुनेला आत्ता उमगलं.

"आता माझं," ती म्हणाली.

सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांना हाताशी घेऊन त्यांनी बोट उतारावर ओढली. सून पाठीवर झोपून खरवडू लागली. सासरे बाजूला बसून सूचना देत होते. "पात्याची कड जप. आणि त्या जस्ताच्या गोळ्याला रंग लावू नकोस हं. खाऱ्या पाण्यात तो झिजतो म्हणून पंखा वाचतो."

सुकाणूवरच्या शिंपल्यांखाली जुना निळा रंग निघाला. सासूबाईंच्या ब्रशचे फराटे अजून तसेच होते. सुनेचा हात थांबला.

"बाबा, हा राहू द्यायचा का?"

सासरे कण्हतकुथत तिच्याशेजारी सरपटत आले. रंगावर तळवा टेकवून बराच वेळ पडून राहिले.

"सुटत आलाय. यावर नवा धरायचा नाही," ते म्हणाले. "आण ती खरवडणी."

सगळा रंग त्यांनीच काढला, हळूहळू. मग डोळे पुसत म्हणाले, "धूळ गेली." ओल्या चिखलात कुठली धूळ, हे सुनेने विचारलं नाही. ती पंखा घासत राहिली. तो लख्ख झाल्यावर दोघांनी त्याच्यावर शिंपले धरू न देणारा गुळगुळीत लेप चढवला आणि सुकाणूला तांबडा रंग दिला.

लेप वाळल्यावर बोट पाण्यात गेली. पहिल्याच फेरीला ती अशी सुसाट सुटली की जुन्या सवयीने वेग कमी करेपर्यंत पलीकडचा धक्का आलासुद्धा. धाडकन आदळली! उतारू एकमेकांच्या अंगावर पडले. सासरे ओशाळले, मग स्वतःच खो खो हसत सुटले. कितीतरी दिवसांनी सून ते हसणं ऐकत होती.

बोट बघायला आलेलं गिऱ्हाईकही त्यातच होतं. कपडे झटकत ते म्हणालं, "चांगली पळते की! मग कधी देताय?"

"द्यायची?" सासऱ्यांनी भाबड्या चेहऱ्याने सुनेकडे पाहिलं. "यांना कुणी सांगितलं गं?"