सतरा तसूंचा पाय

मी एक जुना शिसवी गज आहे, माप घ्यायची काठी. नाशिकच्या भद्रकाली भागातल्या एका सुताराच्या दुकानात मला दारामागे उभं करून ठेवलं आहे. उभा आहे म्हणजे स्वस्थ आहे, असं समजू नका, मित्रांनो. गेले चार महिने मला काही सांगायचं आहे, आणि लाकडाला तोंड नसतं.

माझी लांबी चोवीस तसू. तसू म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. शाळेत आता इंच आणि फूट शिकवतात. तुमच्या पट्टीवर एक इंच मोजा आणि आणखी एक सूत पुढे जा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण जाड सुतळीएवढा. इंचात आठ सुतं असतात, तसूत नऊ. फरक एका सुताचा. पण आठ तसू मोजले की अशी आठ सुतं साठतात आणि त्यांचा एक अख्खा इंच होतो. म्हणून आठ तसू म्हणजे नऊ इंच. सोळा तसूंचा एक हात, म्हणजे अठरा इंच.

मला सलाउद्दीन मिस्त्रीने घडवलं. तेव्हा तो मिस्त्री नव्हता, अठरा वर्षांचा शागीर्द होता. त्या काळी धंद्यात एक रीत होती. शागिर्दाने उस्तादाच्या गजावरून स्वतःचा गज करायचा, आणि तो उस्तादाला पसंत पडला की त्याने वेगळं दुकान मांडायचं. नकलेवरून नक्कल मात्र कधी करायची नाही. एका नकलेत केसाएवढी चूक होते, दहाव्या नकलेत तिचं बोट होतं. सलाउद्दीनने शिसवीची कांब रंधली, टोच्याने तसूतसूवर रेघा कोरल्या, रेघांत काजळ भरलं आणि माझ्या दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या. उस्तादांनी मला आपल्या गजाशेजारी ठेवून दोघांवरून नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. "जा," ते म्हणाले, "आता उपाशी मरशील, पण तुझं दार कधी अडकणार नाही."

पुढची चाळीस वर्षं मी त्याच्या हातात होतो. दारं, खाटा, पाळणे, बैलगाडीच्या साट्या, कितीतरी गोष्टी मी मोजल्या. गिऱ्हाइकं आपापली मापं घेऊन येत. कोणी वितींत सांगे, कोणी बोटांत. पाळण्यासाठी एक बाई गाठ मारलेला दोरा घेऊन आली होती. रेल्वेची माणसं इंचांत बोलत. सलाउद्दीन पेन्सील कानावर ठेवून सगळ्यांचं ऐकून घेई आणि मनात तसू करून टाकी.

त्याची लेक अमिना तेव्हा लहान होती. भुश्यात बसून ती पुस्तक वाची आणि मध्येच प्रश्न विचारी.

"अब्बा, सुताहून लहान काय?"

"अर्धं सूत."

"आणि त्याहून?"

"पाव सूत."

"आणि त्याच्याहून लहान?"

"मला भूक लागलेली असताना तुझ्या अम्मीने वाढलेली भाकरी."

आतून भांडं आपटल्याचा आवाज येई आणि दोघं तोंड दाबून हसत.

एका उन्हाळ्यात माझ्या एका टोकाची पितळी टोपी सैल होऊन पडली आणि भुश्याबरोबर बाहेर गेली. उघडं पडलेलं टोक झिजू लागलं. वर्षभरात ते सुताहून जास्त झिजलं. दुसरा कोणी असता तर त्याने नवा गज केला असता. पण उस्ताद वारले होते आणि त्यांचा गज त्यांच्या मुलाने चुलीत घातला होता. माझ्यावरून नक्कल करणं सलाउद्दीनला मान्य नव्हतं. त्याने सोपी युक्ती काढली. झिजलेलं टोक सोडून द्यायचं आणि पहिल्या रेघेपासून मोजायला लागायचं. वाचलेला आकडा एका तसूने जास्त येई, पण त्याने त्याचं काही बिघडत नसे. कारण लाकूड कापतानाही तो पहिल्या रेघेपासूनच मोजी. चिठ्ठीवर तो वाचलेला आकडाच लिही. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. सांगावं असं त्याला वाटलंच नसेल. त्याच्या हाताला ते ठाऊक होतं आणि दुकानात दुसरा हात नव्हता. मुलगा सलीम नाशिकरोडला एका कंत्राटदाराकडे बांधकामावर होता. तिथे सगळं काम फूटपट्टीवर चाले.

यंदा श्रावणात घोटीहून कुसाबाई आपल्या मुलाला घेऊन आली. मुलाचं नाव गेणू. वय पंचविशीचं असेल. भाताने भरलेली गाडी त्याच्या पायावरून गेली होती आणि इस्पितळात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्याला लाकडी पाय हवा होता.

"दिवाळीनंतर भात कापणीला येतो, मिस्त्री," गेणू म्हणाला. "मला खळ्यावर उभं ऱ्हायचंय. बसून ऱ्हायलो तर आये मला कोंबड्या राखायला लावील."

सलाउद्दीनला तेव्हा ताप येत होता. तरी त्याने गेणूला ओट्यावर बसवलं, धडधाकट पाय खाली सोडायला लावला आणि मला त्या पायाशी धरलं. माझी पहिली रेघ गुडघ्याशी लावली आणि तळव्याशी आकडा वाचला. मग चिठ्ठी लिहिली, 'गेणू, घोटी. पाय. १७ तसू', आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली.

आठ दिवसांनी तो वारला.

मित्रांनो, माणूस गेल्यावर घरातल्या वस्तूंना काही काळ कोणी हात लावत नाही. मी दारामागे होतो. अमिना मालेगावच्या सासरहून आली होती. चाळिसावा दिवस झाल्यावरही ती परत गेली नाही. ती दुकानात येऊन बसे, पुस्तक उघडी आणि पान उलटत नसे. सलीमने नोकरी सोडून दुकान हाती घेतलं. मुलगा कामाला चांगला, हे मी सांगितलंच पाहिजे. त्याने पहिली चिठ्ठी गेणूची काढली. वडिलांचं अर्धवट राहिलेलं काम आधी पुरं करायचं, असं त्याने ठरवलं होतं.

त्याने हिशेब बरोबर केला. सोळा तसूंचे अठरा इंच. उरला एक तसू, त्याचा एक इंच आणि एक सूत. म्हणजे एकोणीस इंच एक सूत. मग त्याने फूटपट्टी घेतली आणि शेवटच्या सुतापर्यंत चोख माप टाकलं. मी दारामागून पाहत होतो. शिसवीत आवाज असता तर मी ओरडलो असतो. करवत चालली, पाय तयार झाला, वर चामड्याचे पट्टे आणि खाली लोखंडी कडं लागलं.

दिवाळी झाली आणि मायलेक आली. गेणूने पट्टे आवळले, भिंत धरली आणि उभा राहिला. त्याचं उजवं कमरेचं हाड वर गेलं आणि तो डावीकडे कलंडला. सलीमने त्याला धरलं.

"आवं सलीमभाई," कुसाबाई म्हणाली, "लेकाला उभा करा म्हणलं व्हतं. उंच करा म्हणलं नव्हतं."

"आये, ऱ्हाऊ दे," गेणू म्हणाला. "आता एका बाजूला उंच असलेली बायको बघ मला, म्हंजे जोडा जमंल." पण त्याचे ओठ सुकले होते आणि भिंतीवरचा हात निघत नव्हता.

सलीमने फूटपट्टीने त्याचा चांगला पाय मोजला. बरोबर अठरा इंच. त्याने पट्टी पुन्हा लावून पाहिली.

"अब्बांनी माप चुकवलं," तो म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांची नजर गेली होती."

"म्हातारं माणूस," कुसाबाई म्हणाली. "त्यात ताप. व्हायाचंच."

"अब्बांची नजर गेली नव्हती," अमिना म्हणाली. पुस्तक तिने मिटलं होतं.

"आपा, तू इथे नव्हतीस. मी तरी कुठे होतो म्हणा. खिळ्यावर अकरा चिठ्ठ्या आहेत, त्या सगळ्या फाडून टाकतो. लोकांना सांगतो की अब्बांच्या मापांवर भरवसा नाही, पुन्हा मोजायला या." त्याची नजर माझ्याकडे गेली. "आणि हा गजही नको. याच्या चांगल्या पाचरी होतील."

पाचर होण्याचं मला फारसं वाटलं नाही. मी म्हातारा आहे. पण चाळीस वर्षं ज्याचं एक दार अडकलं नाही, त्याच्याविषयी आता घोटीपासून नाशिकपर्यंत लोक म्हणणार होते की शेवटी मिस्त्रीला दिसत नव्हतं. आणि ते खोटं आहे हे जाणणारा जगात एक मीच होतो.

सलीमने लाकडी पाय मांडीवर आडवा घेतला आणि पेन्सिलीने खूण करू लागला.

"किती कापतोस?" अमिनाने विचारलं.

"जास्त झालंय तेवढं. एक इंच एक सूत."

"म्हणजे नऊ सुतं."

"हो, नऊ सुतं."

"नऊ सुतं म्हणजे किती तसू, सलीम?"

सलीमची पेन्सील थांबली.

"एक," तो म्हणाला.

"बरोब्बर एक. ज्याला दिसत नाही तो तीन सुतं चुकेल, पाच सुतं चुकेल. बरोब्बर एक तसू कसा चुकेल?"

"सोळाच्या जागी सतरा वाचलं असेल."

"मग दुसरी चिठ्ठी काढ. झालेल्या कामाची."

अम्मीच्या खाटेची चिठ्ठी अजून खिळ्याच्या तळाशी होती. अकरा तसूंचे खूर, म्हणजे खाटेचे पाय. अमिना आत जाऊन फूटपट्टीने खाटेचा खूर मोजून आली. सव्वाअकरा इंच. तिने बोटांवर मांडलं. अकरा इंचांची अठ्ठ्याऐंशी सुतं आणि वरची दोन, एकूण नव्वद. भागिले नऊ. दहा तसू. चिठ्ठीवर अकरा आणि लाकडात दहा.

"ही खाट गेल्या वर्षीची आहे," ती म्हणाली. "तेव्हा अब्बांना ताप नव्हता."

मग ती दारामागे आली आणि तिने मला हातात घेतलं. किती महिन्यांनी मला हात लागला! तिने माझ्या एका टोकाची टोपी पाहिली, दुसरं बोडकं टोक पाहिलं, त्याच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग अंगठा पहिल्या रेघेवर आणला. तिथे तिच्या बापाच्या अंगठ्याने लाकूड गुळगुळीत झालं आहे. तिचा अंगठा तिथेच थांबला.

"गेणूभाऊ, ओट्यावर बसा," ती म्हणाली. "पाय खाली सोडा."

पहिली रेघ तिने त्याच्या गुडघ्याशी लावली आणि सलीमला तळव्याशी वाचायला सांगितलं. सलीम गुडघे टेकून बसला.

"सतरा," तो म्हणाला.

मग डोकं वर न करता तो म्हणाला, "कुसाबाई, मघाचं माझं बोलणं घोटीला कोणाला सांगू नका."

"सांगनार तर!" कुसाबाई म्हणाली. "सांगनार की मिस्त्रीचं माप खरं व्हतं, पोरालाच वाचता आलं न्हाय."

सलीम हसला आणि त्याने डोळे पुसले. मग त्याने माझ्या पहिल्या रेघेपासून सतराव्या रेघेपर्यंत माप घेऊन पाय कापला आणि कडं पुन्हा बसवलं. गेणू उभा राहिला. भिंतीवरचा हात त्याने एकेक बोट करून सोडला. रस्त्याच्या वळणापर्यंत तो गेला आणि परत आला. घामाने निथळत होता, पण कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत होती.

त्या आठवड्यात अमिनाने साऱ्या चिठ्ठ्या काढल्या आणि प्रत्येकीवर आपल्या हाताने लिहिलं, 'पहिल्या रेघेपासून'. शेवटच्या चिठ्ठीवर नाव नव्हतं, वस्तूही नव्हती. नुसतं '९ तसू'.

"कशाचं असेल?" तिने विचारलं.

"कोण जाणे," सलीम म्हणाला. "टाकून दे."

तिने ती टाकली नाही. पुस्तकात खुणेला ठेवली. दोन दिवसांनी ती मालेगावला जाणार आहे, आणि म्हणून मी इतका अस्वस्थ आहे.

ते माप कशाचं, हे मला ठाऊक आहे. गेल्या रमजानात अमिना माहेरी आली होती. दुकानात पालथ्या खोक्यावर पुस्तक ठेवून, मान वाकवून वाचत होती. सलाउद्दीन मागून आला. त्याने मला हळूच खोक्याशेजारी धरलं आणि पुस्तक कितीवर आलं म्हणजे हिची मान दुखणार नाही, ते मोजलं. तिला कळलंही नाही. त्याला तिच्यासाठी पुस्तक ठेवायची घडवंची करायची होती. लाकूडही त्याने काढून ठेवलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी गुपचूप काही मोजत असेल, तर आजच त्याच्यापाशी जा आणि विचारा, हे कशासाठी? तो हसेल, टाळेल, काम आहे म्हणेल. तरी विचारा. आमच्यासारख्या वस्तूंना सगळं ठाऊक असतं, पण आमच्याकडून तुम्हाला ते कधी कळणार नाही.

आणि तुमच्यापैकी कोणी दोन दिवसांत भद्रकालीत आलंच, तर अमिनाला एवढं सांगा. माळ्यावर डाव्या हाताला, गोणपाटाखाली, शिसवीची एक फळी आहे. सलीम ती कोणाच्यातरी खाटेला लावील. त्याला सांगा, ती तुझ्या बहिणीची आहे.