माझा बिघाड माझ्यात नव्हता

माझ्या काचेवरची तांबडी सुई नागपूरच्या पेन्सिलखुणेपासून दोन गव्हांएवढी उजवीकडे थांबते, तेव्हा कुठे नागपूर केंद्र लागतं. हा दोष मी जन्मतः आणलेला नाही. तो मला मारून मारून दिलेला आहे. मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे, पाच व्हॉल्व्हचा, लाकडी पेटीचा. चिडलेली वस्तू तुम्ही सहसा पाहिली नसेल. आज पाहा.

मुंबईच्या एका कारखान्यात बायकांच्या सवयीच्या बोटांनी माझे सांधे जोडले. १९६९ साली जगदेवरावांनी मला अकोल्याहून जऊळक्याला आणलं. ते जऊळका स्टेशनवर पॉइंट्समन होते. गाडीत त्यांनी मला बाकावर ठेवलं आणि स्वतः उभे राहिले. जागा मागणाऱ्याला म्हणाले, "मी उभाच हावो ना भाऊ. याले बसू द्या."

घरी मला दोन तारा जोडल्या. एक छपरावर, दोन बांबूंच्या मध्ये ताणलेली. ती दूरचा आवाज पकडी. दुसरी अंगणातल्या न्हाणीत पुरलेल्या लोखंडी सळईला बांधलेली. तिचं काम मला जमिनीशी जोडून ठेवण्याचं. ते ओल्या मातीतच होतं, आणि घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तिथेच मुरे. जगदेवरावांच्या पत्नी सोजरबाई म्हणत, "बकरीपक्षा याचीच तहान मोठी."

ते दिवस मानाचे होते. एकाहत्तरच्या लढाईत बातम्यांच्या वेळी अंगणात पाय ठेवायला जागा नसे. हिंदू, बौद्ध, आळीतले सगळे एकाच ताडपत्रीवर बसत. बातम्या संपल्या तरी उठत नसत.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात घरात दोन गोष्टी बरोबर आल्या. जगदेवरावांची मुलगी विजयमाला मॅट्रिक झालेली होती. तिचं नाव वाशीमला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला लागलं. आणि रिसोडहून तिला स्थळ आलं. मुलाचे मामा भिवाजी बोलणी करत. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं, "घड्याळ, सायकल अन् रेडिओ. नवा कायले पाह्यजे? हाच देऊन टाका. घरचाच तर हाय."

पोरीच्या नावापाठोपाठ माझं नाव. मला कोणी विचारलं नाही, ते समजू शकतो. मी वस्तू आहे. पण तिलाही कोणी विचारलं नाही.

ती मात्र बापाला रोज विचारी, "बाबा, रिसोडवाल्याइले काय सांगतलं?"

"पाहू," जगदेवराव म्हणत.

हा माणूस रोज चार गाड्यांना योग्य रुळावर घालत असे, वेळेवर, न चुकता. घरात मात्र महिनाभर त्याचा एकच शब्द होता: पाहू. मला त्याचा फार राग येई.

साक्षगंधासाठी, म्हणजे साखरपुड्यासाठी, सोयरे येतील म्हणून अंगण नीट करायचं ठरलं. न्हाणी घरामागे नेली. जुन्या न्हाणीच्या जागेवर मुरूम टाकून फरशी बसवली. वर वैशाखाचं ऊन. आठ दिवसांत मी घरघरू लागलो. नागपूर खोल विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येई, आणि त्यावर सगळी खरखर.

मग सगळे शहाणे झाले. जगदेवरावांचे चुलतभाऊ जानराव म्हणाले, "बैल अडला का एक ठेवून द्या लागते," आणि माझ्या कुशीत बुक्की घातली. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी सुई ओढणारी आतली दोरी सरकली आणि सुई जागची हलली. सोजरबाईंना वाटलं, मला ओल धरली. त्यांनी मला चार तास उन्हात वाळवलं. मी ओलीसाठी तडफडत होतो आणि ही मायेची बाई मला वाळवत होती. पॉलिशला तडे गेले.

भिवाजी मला तपासायला आले ते याच दिवसांत. त्यांनी बटण फिरवलं, घरघर ऐकली आणि पान थुंकून आले.

"हा बिघडेल माल आमच्या गळ्यात बांधता का, जगदेवराव? मंग नवा ट्रान्झिस्टर घेऊन द्या. नाईतर आमाले पोरी काय कमी हाय?"

"पाहू," जगदेवराव म्हणाले. तेवढ्यात विजयमाला पदराला हात पुसत बाहेर आली.

"मी पाह्यते, बाबा."

"पोरगी मेकॅनिक हाय वाटते," भिवाजी म्हणाले.

"अजून नाई," ती म्हणाली.

माझ्यावर हात न उगारता माझ्यापुढे बसलेली ती त्या आठवड्यातली पहिली. काचेमागचा दिवा लागत होता, म्हणजे वीज येत होती. घरघर येत होती, म्हणजे कर्णा जिवंत होता. तिने खटका बंद केला, छपरावरची तार काढली, खटका पुन्हा दाबून ऐकलं. उरलंसुरलं नागपूरही गेलं. म्हणजे ती तार काम करत होती. ती तिने परत जोडली. पुन्हा खटका बंद केला आणि दुसरी तार काढली. या वेळी काहीच बदललं नाही. घरघर तेवढीच, आवाज तेवढाच.

जी तार काढून काही फरक पडत नाही, ती आधीच काम सोडून बसलेली असते. तार हातात धरून ती अंगणात गेली, फरशीपाशी थांबली, आणि पहार घेऊन आली.

"नवी फरशी उखडून राह्यली काय व पोट्टे?" सोजरबाई कळवळल्या.

"माय, इथं आपली न्हाणी होती."

फरशीखाली, मुरमाखाली काळी माती वाळून भेगाळली होती. सळईभोवती बोट जाईल एवढी फट. सळईला माती शिवतच नव्हती. विजयमालाने माती पहारीने मोकळी केली, दोन बादल्या पाणी ओतलं, माती पायाने दाबली आणि तार जोडून खटका दाबला. सुई सरकवत सरकवत ती खुणेच्या पुढे गेली, आणि नागपूर स्पष्ट बोलू लागलं.

मित्रांनो, यंत्र अडलं की त्याला मारू नका. काल काय बदललं ते आधी आठवा. एका वेळी एकच गोष्ट काढून पाहा. घरी, शाळेत, कुठेही. माझ्या कुशीतल्या बुक्क्यांपैकी एकीचीही गरज नव्हती. माझा दोष नसताना मी त्या खाल्ल्या, आणि बुक्की मारणाऱ्याने अजून चूक कबूल केलेली नाही.

भिवाजी खूश झाले. "चालते ना? मंग हाच द्या. नवा नको. आन् पोरीले जरा समजावून सांगा, आमच्या घरी बाया पहार घेऊन फिरत नाईत. साक्षगंध पुनवेले धरू."

जगदेवराव उठले. त्यांनी माझा खटका स्वतः बंद केला.

"पाहू म्हनाल आता," भिवाजी हसले.

"नाई," जगदेवराव म्हणाले. "पाह्यलं. हे लगन होनार नाई. रेडिओ या घरातून हलनार नाई, अन् माही पोरगी जूनमंदी वाशीमले शिकाले जाईन."