नववं मिनिट

“काका, आजही पडलं नाही.”

डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात, त्या आवाजात उद्यानाच्या व्यवस्थापक मॅडम म्हणाल्या. चाकावर मडकं उभं होतं. पोट गोल, मान सरळ, काठ एकसारखा. कुंभारानं त्याच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं.

“दाबलं होतं मी.”

“कुठे दाबलंत?”

“पोटाला. पण मग सावरलं.”

“कोणी सावरलं?”

कुंभारानं आपल्या हातांकडे पाहिलं. दोघांपैकी कोणाचं नाव घ्यावं हे त्याला ठरवता येईना.

त्या मनोरंजन उद्यानात आकाशपाळणा आणि पाण्याच्या घसरगुंड्या यांच्यामध्ये जी चिंचोळी जागा उरली होती, तिथे ‘गतकाळ’ बसवला होता. गतकाळात एक मेणबत्तीवाली होती, एक लोहार होता आणि हा कुंभार. लोहार पूर्वी एका पतपेढीत रोखपाल होता. त्याच्या भट्टीत नारिंगी दिवा होता, मिशी गोंदानं लावलेली होती आणि घणाचा आवाज भिंतीतल्या स्पीकरमधून येई. पाहुणे त्याला नेहमी पाचपैकी पाच गुण देत. कुंभाराला साडेतीन मिळत. चाळीस वर्षं मडकी करणारा तो तिथला एकमेव खरा कारागीर, पण ते पाहून कळण्यासारखं नव्हतं.

बारा मिनिटांचा खेळ, दिवसातून आठ वेळा. बाराव्या मिनिटाला टाळ्या झाल्या की लोक शेजारच्या दुकानात जाऊन कारखान्यातली मडकी विकत घेत. कुंभाराचं मडकं वाळवायला आणि भाजायला वेळ कोणाला होता? ते मोडून पुढच्या खेळाचा गोळा व्हायचं. सात वर्षांत त्यानं तिथे अठरा हजारांच्या आसपास मडकी केली असतील, आणि ती सगळी तीच माती होती.

मागच्या महिन्यात छोट्या आगगाडीच्या चालकानं बरोबर त्याच्या पाठीमागे भोंगा वाजवला. कोपर उडालं आणि मडकं आत दुमडलं. जे लोक सात वर्षं भाषण संपल्यासारख्या टाळ्या वाजवत होते, ते आनंदानं ओरडले. कोणीतरी चित्रण केलं, ते तीन लाख लोकांनी पाहिलं. सोमवारच्या बैठकीत तक्ता दाखवला गेला आणि ठरलं की यापुढे मडकं पडेल. नवव्या मिनिटाला पडेल, मग कुंभार खचून न जाता नवं करेल. मॅडमनी वेळापत्रक छापून चाकामागच्या भिंतीवर चिकटवलं. त्यात लिहिलं होतं: ‘मिनिट नऊ, मडके पडते (अनपेक्षितपणे).’

तेव्हापासून ते एकदाही पडलं नव्हतं.

तो मनापासून प्रयत्न करत होता, हेच तर अवघड होतं. उजवा अंगठा बाहेरून दाबायचा. पण त्याच क्षणी आत असलेला डावा हात पुढे होऊन टेकू द्यायचा. रस्त्यावर धावणाऱ्या पोराला आई न बघता मागे ओढते, तसा. त्यानं पाणी जास्त घालून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. त्या वेळी महिन्यातलं सगळ्यांत देखणं मडकं झालं आणि एका बाईंनी ते विकत मागितलं. मेणबत्तीवाली म्हणाली की माझ्या सासूचा विचार करा, ती आठवली की माझं तर ताटसुद्धा सुटतं हातातून. पण तिच्या सासूला त्यानं पाहिलेलं नव्हतं. लोहारानं जाणकाराच्या गंभीरपणे सांगितलं की मडकं नंतर पडायला हवं, आधी चेहरा पडला पाहिजे. कुंभार आरशासमोर चेहरा पाडून आला. मडकं उभंच.

शुक्रवारी संचालक येणार होते. तोवर जमलं नाही तर चाकावर तिकीटखिडकीवरचा माणूस बसणार होता. त्याची चाचणी झाली होती. त्याचं मडकं दुसऱ्याच मिनिटाला इतकं सहज कोसळलं की मॅडमना हसून हसून डोळे पुसावे लागले. कुंभाराला कामावरून काढणार नव्हते. त्याला फाटकावर पाहुण्यांच्या स्वागताला पोशाख चढवून कासव व्हायचं होतं. आत्ताच्या कासवात गतकाळातला पूर्वीचा टोपलीवाला होता आणि त्याचे गुडघे गेले होते. कुंभारानं जाता जाता त्याला गाठून आत कसं वाटतं म्हणून विचारलं.

“आत पंखा आहे,” कासव म्हणालं.

“चालतो का?”

“आहे.”

गुरुवारी रात्री जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी मोडता मोडता ऐकत होती.

“मुद्दाम पाडायचं?”

“हो.”

“मग पाडा की. परवा माझी काचेची बरणी पाडलीत, ती कुठे शिकायला गेला होतात?”

“अगं, ते चुकून.”

“मग हेही चुकून पाडा.”

तो हसला नाही. म्हणाला, “चाकावरून उठवलं तर मला दुसरं काही येत नाही गं.” तिनं भाजीचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं आणि अजून घ्या म्हणाली. पोटात काही जात नाही हे तिला दिसत होतं.

शुक्रवारी दुसऱ्या खेळाला संचालक पहिल्या रांगेत घडीच्या खुर्चीत बसले. मॅडम बाजूला उभ्या होत्या, हातात घड्याळ. कुंभाराच्या पाठीवर घामाची रेघ उतरली. बेत त्यानं सकाळीच पक्का केला होता: आठ मिनिटं पन्नास सेकंद झाली की डावा हात सरळ बाहेर काढायचा आणि मांडीखाली दाबून त्यावर बसायचं. हात अडकला की मडक्याला कोणी वाचवणार नाही. एकट्या उजव्याला तेवढं पाप करता येईल.

माती मधोमध बसली. मधे खळगा पडून तळ तयार झाला. भिंत वर चढू लागली. सहाव्या मिनिटाला तो मडक्याचं पोट काढत होता, डावा आत, उजवा बाहेर, आणि मनात मोजत होता की अजून तीन मिनिटं आहेत.

तेव्हा डावा हात हलला. पापणी फडफडते तेवढाच. भिंतीवरून एक लाट गेली. कुंभारानं सावरायला घेतलं, नेहमी घेतो तसंच, विचार न करता. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, काही कारण नसताना, तो हात वेळेवर पोचला नाही. मडकं एका बाजूला कललं आणि दमलेला माणूस पायरीवर बसतो तसं खाली बसलं.

लोक ओरडले. संचालक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मॅडमनी घड्याळ पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि तरीही अंगठा वर केला. कुंभार मातीकडे बघत राहिला. भोंगा वाजला नव्हता. कोणाचा धक्का लागला नव्हता. त्यानं काहीच केलं नव्हतं.

उरलेल्या मिनिटांत त्यानं नवं मडकं केलं. ते नीट उभं राहिलं. पण तो पूर्ण वेळ मडक्याऐवजी हाताकडे बघत होता.

संचालकांनी त्याचा चिखलाचा हात हातात घेतला आणि म्हणाले की अगदी खरं वाटलं, वेळ तेवढी पाळा. लोहार वाट बघत होता. चेहरा कुठून आणलात, त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात हेवा होता. कुंभार फडकं घ्यायला वळला.

मॅडम नवा कागद घेऊनच आल्या. “काका, मी काय म्हणते, सहाव्या मिनिटालाच ठेवू या. लवकर पडलं की जास्त धक्का बसतो.”

“ठेवा.”

“पण रोज जमेल ना? आठही खेळांत?”

त्यानं फडक्यानं एकेक बोट पुसलं. डाव्या हाताची जरा जास्त वेळ.

“जमेल,” तो म्हणाला. “आता जमेल.”

मॅडम खूश होऊन गेल्या. कासवाचा विषय कोणी काढलाच नाही. त्यानं बायकोला फोन करून चाकावरच राहिलो म्हणून कळवलं. ती म्हणाली, बघा, उगाच जीव खाल्लात. कसं पाडलंत ते तिनं विचारलं, तेव्हा गर्दी फार आहे, आवाज येत नाही म्हणाला.

तिसऱ्या खेळाची रांग लागली होती. मेणबत्तीवाली चहा घेऊन पडद्यामागे आली, तर कुंभार दोन्ही हात समोर सरळ धरून उभा होता, तळवे जमिनीकडे, बोटं पसरलेली.

“काय करताय हो?”

“हात वाळवतोय.”

तिनं चहा फळीवर ठेवला. घंटा झाली. बाहेर कोणीतरी त्याचं नाव पुकारून टाळ्या सुरू केल्या. तो तसाच डाव्या हाताच्या बोटांकडे बघत उभा होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.