कँटनची होडीवाली

मित्रांनो, मी एक जुने चिनी चित्र आहे. जुने म्हणजे किती, ते विचारू नका. आमच्या पिढीत वय सांगायची पद्धत नाही. कँटन बंदरातल्या एका दुकानात मी जन्मले. परदेशी खलाशी तिथून आठवण म्हणून चित्रे नेत. आम्हाला एकटा माणूस कधीच रंगवत नसे. एकाने माझे आकाश रंगवले, दुसऱ्याने साहेबांच्या वखारी आणि झेंडे, तिसऱ्याने जहाजे. चौथ्याच्या वाट्याला खालची माणसे आली. त्याने चहाच्या पेट्या वाहणारे हमाल काढले, मुंबईहून आलेल्या कापसाच्या गाठी काढल्या. मग अगदी तळाशी, कुणी सांगितले नसताना, एक होडी काढली. तिच्यात एक बाई पाठीशी मूल बांधून बसली आहे. एका हाताने शेगडीवरचा भात ढवळते, दुसऱ्याने वल्हे सांभाळते. मला विचाराल तर माझ्यात बघण्यासारखे तेच आहे.

एका कप्तानाने मला साउथहॅम्प्टनला आणले. त्याच्या दिवाणखान्यात माझे पुष्कळ कौतुक झाले. पाहुणे जहाजे मोजत, झेंडे ओळखत. होडीकडे मात्र कुणी वाकून पाहिले नाही. पुढे त्याच्या नातवंडांना माझा कंटाळा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे कसरीखेरीज माझी विचारपूस करणारे कुणी नव्हते.

१९८७ साली ते घर रिकामे झाले. गाडीच्या डिकीतून जुने सामान विकतात, त्या कार बूट सेलला मी एका मोडक्या टोस्टरशेजारी येऊन पडले. तिथून अतुलने मला घरी नेले. अतुल बंदरातल्या कंटेनर कंपनीत कामाला होता आणि त्याची बायको मंजिरी हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांची दोन वर्षांची अनुराधा मात्र नाशिकला आजीआजोबांकडे होती. मंजिरीच्या ड्यूटीचा काही भरवसा नसे, म्हणून अगदी तान्ही असतानाच तिला तिकडे ठेवले होते.

अतुलने फ्रेम आधीच आणून ठेवली होती. मी तिच्यात मावेना.

"खालून थोडं कट करतो," तो कात्री घेऊन म्हणाला. "शिप्स, वेअरहाउसेस, आपला मुंबईचा कॉटन, सगळं राहतंय. खाली काही स्पेशल नाहीये."

ओरडता आले असते तर ओरडले असते. मंजिरी कामावरून येऊन चहा घेत होती. ती सहज वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"अतुल, थांब. अरे, ही बाई बघ."

"कुठली?"

"ही. बोट चालवतेय, राइस शिजवतेय आणि बाळ पाठीवर. बाळ असताना जॉब मॅनेज होत नाही, हे तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

अतुलने कात्री खाली ठेवली. "मंजू, आपण दोघांनी ठरवूनच केलं ना?"

"केलं. पण मला आता नाही रे जमत. अनुराधाला आणू या. मी पार्ट-टाइमचं विचारते, दिवसा सांभाळायला चाइल्डमाइंडर बघू. पण आणू या."

अतुलने कात्री उचलून ड्रॉवरमध्ये ठेवून दिली.

मला नवी, मोठी फ्रेम मिळाली. ईस्टरच्या सुमारास अनुराधा आली. ती मंजिरीला 'काकू' म्हणायची. मंजिरी हसून ओ द्यायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मला फार वाईट वाटे. रोज संध्याकाळी ती पोरीला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राही.

"हे बाळ," अनुराधा बोट लावून म्हणे. "ही बाळाची आई."

एके दिवशी मंजिरीने हळूच विचारले, "आणि तुझी?"

पोरीने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. मंजिरीच्या गळ्यात हात टाकले आणि खांद्यावर डोके ठेवले.

मित्रांनो, चौकट लहान पडली तर चौकट बदला. चित्राला कात्री लावू नका. आणि लावायचीच वेळ आली, तर आधी एकदा खाली वाकून बघा.