बटणाच्या अलीकडे

मानवी हक्क कायद्याच्या प्रशिक्षणाला येणारे नवे वकील दोन जातींचे. मावशी बोलायला लागल्या की मान डोलावणारे, आणि मान खाली घालून वहीत चौकोन काढणारे. मावशींची माया दुसऱ्या जातीवर. "त्यांच्या माना तरी दुखत नाहीत," म्हणायच्या.

मावशींचा मुलगा पोलीस कोठडीतच वारला. न्हाणीघरात पाय घसरला, असं फौजदाराचं म्हणणं. हे प्रशिक्षण चालवणाऱ्या सरांच्या खटपटीमुळेच फौजदारावर खटला उभा राहिला, म्हणून सरांनी वर्गात बोलावलं की मावशी नाही म्हणत नसत. खरा साक्षीदार समोर असला की पोरं लवकर शिकतात, हा सरांचा हिशोब.

मावशी सांगायच्या. जेवताना दार वाजलं. चप्पलही घालू दिली नाही. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी चादर बाजूला केली.

इथे सर हात वर करत. "इथे थांबवायचं. साक्षीदार अवघड जागी आला की दम घेऊ द्यायचा. चला, चहा."

चहानंतर दुसराच धडा. सुरुवातीला मावशींचा चहा कपातच निवायचा. पुढेपुढे सरांचा हात दिसला की चहात साखर कमी असते, एवढंच आठवायचं.

एकच पोरगा चहाचा कप घेऊन जवळ आला होता. "मावशी, चादरीखाली काय होतं?"

"शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. तो कधी लावायचा नाही, गुदमरतं म्हणायचा. मी काढलं. खाली बोटांचे वळ."

पोराचं बिस्कीट चहात पडलं. "दुसरं घे," मावशी म्हणाल्या, आणि सरांना सांगितलं, "हा गुणी आहे."

वळांचा उल्लेख कुठल्याच कागदात नव्हता. शर्टही मुलाबरोबर गेला. उरलं मावशींचं तोंड.

साक्षीच्या दिवशी फौजदाराचा वकील म्हणून तोच पोरगा उभा.

"बारीक झालास रे," मावशी म्हणाल्या. तो फायलीत बघत राहिला.

सरकारी वकील नवा. फाईल त्याने सकाळीच उघडलेली. त्याने विचारलं, मावशींनी सांगितलं. दार. चप्पल. बोलावणं. मी चादर बाजूला केली.

आणि थांबल्या.

मागच्या बाकावर सर अर्धवट उठले. तिथून बोलायची सोय नव्हती.

"एवढंच," म्हणत सरकारी वकील बसला.

पोरगा उठला. शिकवलं होतं तसं, न मागता पाण्याचा ग्लास मावशींच्या हाताशी ठेवला. "उलटतपासणी नाही," म्हणाला. तो काही विचारणार नाही, म्हणजे सरकारी वकिलालाही आता पुन्हा काही विचारता येणार नव्हतं. मावशी पाणी प्यायल्या आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून खाली उतरल्या.

बाहेर सरांनी त्यांना गाठलं. "अहो मावशी, बटण! बटण राहिलं!"

"थांबले होते की मी. तुम्ही उठलेले दिसलात. म्हटलं, आता चहा."

सर भिंतीला टेकले.

"पोरगं मात्र छान तयार केलंत हो."

"अर्ज करतो, मावशी. परत बोलवायला लावू तुम्हाला. मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही."

"परत दारापासून?"

"दारापासून. फक्त चादरीपाशी थांबायचं नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि तिथेच, जिन्यात, म्हणून बघायला लागल्या. "जेवताना दार वाजलं. चप्पलही घालू दिली नाही. दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी चादर बाजूला केली…"

सरांचा हात सवयीने वर आला. मावशी गप्प झाल्या.